शिकागोचे सत्तर तास

दुबई किती लांब, असे कोणी विचारले तर लोक सांगतात, विमानाने तीन तास. माझ्या हिशोबाने दुबई छत्तीस तास आहे. लंडन बेचाळीस. मी विमान जवळून पाहिलेले नाही, आकाशातून जाताना दिसते तेवढेच. तरी हे आकडे खरे आहेत, कारण ते मी नारळावर तपासून घेतले आहेत.

माझे काम वाटपाचे. मालवणी माणसाला वाटप म्हणजे काय ते सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. खवलेला ओला नारळ आणि कांदा कढईत भाजायचा आणि मसाल्याबरोबर वाटायचा. तो गोळा म्हणजे वाटप. ते हाताशी असले की मासे असोत, कोंबडी असो, नाहीतर काळे वाटाणे, अर्ध्या तासात जेवण तयार. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांना मासे मिळतात, कोंबडी मिळते. वाटप मिळत नाही. ते मी आमच्या मिठबाव गावातून करून देत असे.

कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती तेव्हाची गोष्ट. शेजारणीचा मुलगा दुबईला निघाला आणि ती तापाने पडलेली, म्हणून तिने वाटप माझ्याकडून करून घेतले. ते तिकडे चांगले पोचले. मग त्याच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलाच्या आईने सांगितले, मग तिसऱ्याच्या. मी कोणाच्या दारात जाऊन काम मागितले नाही, तो माझा स्वभावच नाही. घरी पाहुणे आले तरी मी चहा दाराआडून पुढे करणारी. पण लोक मागच्या दाराने स्वयंपाकघरातच येऊ लागले आणि तिथे मला लाज वाटत नसे.

ओला नारळ आंबतो. किती वेळात आंबेल ते भाजण्यावर आहे. पिवळसर भाजला तर चव सगळ्यात चांगली, पण दुसऱ्या दिवशी वास मारतो. बदामी भाजला तर दीड दिवस. पाणी न घालता काळपट तपकिरी भाजला, कांदा कुरकुरीत केला आणि नारळाच्या स्वतःच्या तेलावर वाटला, तर तीन दिवससुद्धा जातो. पण तिथून पुढे क्षणभर जरी कढई जास्त राहिली तरी कडू. म्हणजे जितके लांब जायचे तितके जास्त भाजायचे, आणि जितके जास्त भाजायचे तितकी चव हातची जायची. म्हणून मला नेमके तास लागत. माझे तास कढई उतरली की सुरू होत आणि तिकडच्या फ्रीजरचे दार लागले की संपत. मधे एसटी, रेल्वे, मुंबईतला नातेवाईक, विमानतळावरचे ताटकळणे, सगळे आले. मी पहिला प्रश्न विचारत असे, "मुंबईत ज्यांच्याकडे उतरणार, त्यांच्याकडे फ्रीज आहे का?" फ्रीजमधले तास मी अर्धे धरते. आकडे मी स्वयंपाकघराच्या दाराच्या मागल्या बाजूला खडूने लिहून ठेवत असे.

गिऱ्हाइके हरतऱ्हेची. एका मुलाला मस्कतला जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, न्यायच्या होत्या. मी म्हटले, "अरे, त्या चालत भायर इल्यो तर?" तर म्हणतो, "काकी, बांधून दी. तीन तासांचो तर प्रश्न." त्याला मी परत पाठवले. एका बाईंनी कोकमाचे आगळ, म्हणजे खारवलेला रस, बाटलीत गळ्यापर्यंत भरून नेले. विमानात बूच उडाले आणि लंडनला उतरल्या तेव्हा त्यांच्या सगळ्या साड्या एकाच रंगाच्या. तेव्हापासून मी बाटलीत तीन बोटे जागा सोडू लागले. आगळाचे ठीक होते. चुकले ते धडा देऊन गेले, कोणाचे पोट उपाशी राहिले नाही. एकदाच राहिले. ते सांगण्यासाठीच ही वही उघडली आहे.

विजू आमच्या वाडीतल्या भाऊंची मुलगी. भाऊ पोस्टात होते. विजूची आई ती पाच वर्षांची असताना गेली आणि शाळेतून सुटली की ती माझ्याकडे जेवायला यायची. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी आणि भात, दुसरे काही मागायची नाही. मोठी झाली, शिकली, लग्न होऊन शिकागोला गेली. २००० सालच्या दिवाळीनंतर तिला दिवस राहिल्याचे कळले, आणि पाठोपाठ कळले की ती काही खातच नाही. पाणी प्यायली तरी उलटी. एकदा दवाखान्यात ठेवून सलाईन लावून झाले होते. वजन चढायचे त्या दिवसांत उतरत होते. जावयाने भाऊंना फोनवर सांगितले की डॉक्टरीण म्हणते, पोटात काही टिकले नाही तर बाळाचे कठीण आहे.

त्याच फोनवर विजू म्हणाली होती, "भाऊ, काकीची आमटी असती तर जेवले असते."

तिकडे गोठवलेला बांगडा मिळत होता. तिरफळे हा सुका मसाला, कुठेही जातो. अडत होते वाटपावर. जावयाने डब्यातला नारळ आणून भाजून पाहिला, तर भाजण्याच्या वासानेच तिला उलट्या सुरू झाल्या. तयार वाटपच हवे होते. भाऊ तिकडे निघालेच होते, त्यांचे तिकीट आले होते. तिकीट घेऊन ते माझ्याकडे आले.

"शालन, बघ गो किती तास ते. माका काय समजणा नाय."

मी चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरे येत नाहीत, पण आकडे येतात, आणि रेल्वेच्या वेळापत्रकामुळे चोवीस तासांचे घड्याळही कळत होते. मुंबईहून निघायची वेळ रात्री अडीच. शिकागोला पोचायची वेळ त्याच तारखेला दुपारी एक. मधे जर्मनीत विमान बदलायचे. मी वजाबाकी केली. साडेदहा तास. घरापासून विमानात बसेपर्यंत, भाऊंच्या मुंबईतल्या बहिणीचा फ्रीज धरून, बत्तीस. तिकडे बाहेर पडून विजूच्या घरी जाईपर्यंत साडेतीन. एकूण शेहेचाळीस.

शेहेचाळीस म्हणजे मला सोपे वाटले. अमेरिका म्हणजे फार लांब असे सगळे म्हणत आणि ही तर लंडनपेक्षा चारच तास पुढे. मला बरेच वाटले, कारण विजूला आवडतो तसा रंग ठेवता येणार होता. बदामीच्या किंचित पुढे मी कढई उतरवली. इतके सुरेख वाटप माझ्या हातून क्वचितच झाले असेल. केळीच्या पानात बांधून, वर प्लास्टिकच्या तीन पिशव्या घालून भाऊंच्या बॅगेत ठेवले.

चौथ्या दिवशी शेजारच्या किराणा दुकानात भाऊंचा फोन आला. दुकानदाराने हाक मारली. फोनवर बोलायचे म्हटले की माझे हात गार पडतात, तरी धावत गेले.

"शालन," भाऊ म्हणाले, "वाटप आंबलां गो. पिशवी फुगान फुटली. माझो लोकरीचो कोट गेलो, तेचा काय नाय. पण बॅग उघडल्याबरोबर चेडू तोंड धरून भायर गेलां तां अजून घरात येऊक तयार नाय."

चेडू म्हणजे मुलगी, त्यांची विजू. मी फोन ठेवला, घरी आले आणि दाराच्या मागचे सगळे आकडे ओल्या फडक्याने पुसून टाकले. त्या आठवड्यात दोन जण वाटप सांगायला आले. मी माडाच्या झापांमागे, विणलेल्या झावळ्यांच्या आडोशाला, जाऊन बसले आणि घरात नाही असे आत सांगायला लावले.

ते गिऱ्हाइकांना आमच्या ह्यांनी सांगितले. हे तेवीस वर्षे जहाजावर खलाशी होते. गुडघा गेल्यावर घरी आले आणि पडवीत बसून जाळी विणत. घरात कमी बोलणारे. माझ्या कामात त्यांनी कधी तोंड घातले नव्हते आणि मीही त्यांना काही विचारले नव्हते. गिऱ्हाईक गेल्यावर ते म्हणाले, "किती दिवस झापांत बसतलंस? काय झालां तां तरी सांग."

मी सांगितले. तिकिटावरच्या वेळाही सांगितल्या. ते जाळे बाजूला ठेवून हसायलाच लागले. मला रडू आले तेव्हा थांबले.

"गो, ती एक वाजताची वेळ थंयची. शिकागोचा घड्याळ आपल्या मागे साडेअकरा तास. आमी पश्चिमेक जाव तेवा जहाजावरचा घड्याळ मागे करूक लागा. कधी कधी रोज एक तास. तू साडेधा मोजलंस, ते बावीस आसत."

"घड्याळ मागे केलां म्हणून तास खंय जातत?"

"खंय जातले? पोटात जातत. घड्याळात सात वाजलेले आणि पोटात आठ. आमी भंडाऱ्याच्या नावान बोंब मारूक." भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी.

मी म्हटले, "तुमका ह्या सगळा ठाऊक होता?"

"तेवीस वर्सां ताच केलंय."

"मगे माका सांगलास नाय कित्याक?"

"तू इचारलंस खंय?"

खरे होते ते. दोन वर्षे मी दाराच्या मागे जगभराचे आकडे लिहीत होते आणि चार हातांवर पडवीत बसलेल्या माणसाला विचारले नव्हते. दुबईला दीड तासाचा फरक, तो कधी अंगावर आला नाही. लंडनचे आकडे मी लोकांच्या सांगण्यावरून घेतले होते, तिकिटावरून नव्हे. तिकीट हातात घेऊन, स्वतः वजाबाकी करून मी शहाणी झाले ती विजूच्याच वेळी.

पण त्यांनी सांगितलेले पोटाचे मात्र माझ्या डोक्यात बसले. घड्याळ तिकडचे की इकडचे, हे मला दर वेळी उलगडले नसते. भूक सगळीकडे सारखी लागते. तेव्हापासून मी प्रवाशाला वेळ विचारत नाही. विचारते, विमानात जेवायला किती वेळा देतात.

डिसेंबरात कळले की कणकवलीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आपल्या भावाकडे शिकागोला चालल्या आहेत. भाऊंचा तिकडून पुन्हा फोन आला होता. विजूला दुसऱ्यांदा सलाईन लावले होते. मी एकटी कधी कणकवलीला गेले नव्हते. एसटीत बसले आणि गेले.

बाई दारातच म्हणाल्या, "मसाल्याचं काही नेणार नाही हं मी. माझ्या सगळ्या कपड्यांना वास लागेल."

मी खाली बघून उभी राहिले. मग म्हटले, "एक मुलगी आहे, दोन जीवांची. जेवत नाही." माझ्याकडे तेवढेच शुद्ध बोलणे होते, ते संपले.

बाईंनी मला आत बोलावले. सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाल्या, "बरं, नेते. पण वास आला तर वाटेत टाकून देईन."

"येणार नाही. विमानात जेवायला किती वेळा देतात?"

त्या हसल्या. "तुम्हाला माझ्या जेवणाची काळजी?"

"वाटपाची."

मग त्यांनी बोटे मोजून सांगितले. मुंबईहून निघाल्यावर एक जेवण, उतरायच्या आधी नाश्ता. जर्मनीत तीन तास थांबायचे. पुढच्या विमानात पुन्हा जेवण आणि पुन्हा काहीतरी खायला. आतून त्यांचे यजमान म्हणाले, "त्यांना सांग, जवळजवळ तेरा हजार किलोमीटर आहे."

मी म्हटले, "किलोमीटरने नारळ आंबत नाही. तासांनी आंबतो."

हे मी बोलले, आणि नंतर एसटीत बसल्यावर मला घाम फुटला. पण हिशोब बरोबर जुळला होता: एका जेवण-नाश्त्याला साडेनऊ तास, असे दोनदा, आणि जर्मनीतले तीन, मिळून ह्यांनी सांगितलेले बावीस. घरापासून विमानापर्यंत भाऊंसारखेच बत्तीस, विमानांचे बावीस, तिकडचे साडेतीन. साडेसत्तावन्न, म्हणजे अठ्ठावन्न धरायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कढई ठेवली. नारळ खवून आधी पंच्यावर पसरून कोरडा केला. मंद आगीवर उलथणे न थांबवता भाजत गेले. बदामी झाला, तपकिरी झाला, अठ्ठावन्न तासांचा रंग आला. हे दारात उभे होते. म्हणाले, "झाला मगे. उतर."

मी उतरवली नाही. आणखी बारा तासांचे भाजले. चव जाणार हे दिसत होते, हात ओढत होता कढई उतरवायला. मागच्या वेळी मी चवीसाठी लवकर उतरवली होती. या वेळी वाटप टिकायला हवे होते. त्या कडेवर धूर यायच्या आधी एक वास येतो, खरपूस आणि किंचित तिखट. तो आला आणि मी कढई उचलली. दारामागे अठ्ठावन्नच लिहिले. वरचे बारा कोणाला सांगितले नाहीत. सत्तर हा आकडा माझ्याजवळच राहिला.

बाई निघाल्या. त्यांचे विमान सुटले असेल त्या दिवशी संध्याकाळी किराणा दुकानात त्यांच्या यजमानांचा फोन आला. जर्मनीत बर्फ पडतो आहे, विमाने उभी आहेत, बाई तिथेच अडकल्या आहेत. कधी सुटतील सांगता येत नाही.

मी पडवीत येऊन बसले. सत्तरला किती उरले ते मोजत होते आणि मोजताना दर वेळी कमी होत होते.

"बर्फ पडता?" ह्यांनी विचारले.

"व्हय."

"मगे तुझा वाटप आपल्यापेक्षा सुखात आसा. सामान ठेवतत थंय गोठान मरण्याइतकी थंडी. मी बघलंय." थोड्या वेळाने म्हणाले, "फ्रीजचे तास तू अर्धे धरतंस मां? मगे बर्फाचे धर."

ते माझ्या लक्षातच आले नव्हते. चौदा तास विमान अडकले असे नंतर कळले. पूर्ण धरले तर बहात्तर, माझ्या सत्तरावर दोन जास्त. अर्धे धरले तर पासष्ट. पण ते वाटप बर्फाजवळ होते की कुठल्या गरम खोलीत, हे मला मिठबावात बसून कळणार नव्हते. दोन दिवस मी किराणा दुकानाच्या समोरून उगाचच चार-चार फेऱ्या घातल्या. दुकानदार म्हणाला, "काकी, बसा हयच. फोन तुमचोच आसा." तरी आत बसायला लाजले.

तिसऱ्या दिवशी फोन आला. या वेळी भाऊ नव्हते. विजू होती.

"काकी."

"गो विजू. पोचलां?"

"पोचलां."

"आंबलां?"

"नाय." मी फोन दोन्ही हातांनी धरला. ती म्हणाली, "कडू झालांसा, काकी. तुझ्या हातचा वाटत नाय."

मी म्हटले, "व्हय. जास्त भाजलंय." आणि मग धीर करून विचारले, "मगे टाकलंस?"

"टाकतंय कित्याक? काल सांजचा आमटी-भात जेवलंय. आज सकाळी पुन्हा जेवलंय. पोटात रवलां."

दुकानात चार माणसे उभी होती. मी सगळ्यांसमोर फोनवर मोठ्याने रडले. त्याआधी आणि नंतर चारचौघांत कधी रडले नाही.

ते वाटप फ्रीजरमध्ये ठेवून तिला सतरा दिवस पुरले. तोवर तिच्या उलट्या थांबल्या होत्या, वजनाचा काटा पुढे सरकू लागला होता. उन्हाळ्यात मुलगी झाली. बाईंनी परत आल्यावर निरोप पाठवला की कपड्यांना वास लागला नाही, आणि त्यांच्या भावालाही एक किलो हवे आहे.

त्यानंतर दहा वर्षांत शिकागोला किती वाटप गेले, मोजलेले नाही. कोणी ना कोणी जात असे, आणि मी दर वेळी सत्तरचेच भाजत असे. बर्फ, संप, चुकलेले विमान, काहीही होवो, आंबून गेले असे पुन्हा एकदाही झाले नाही. हे मी अभिमानाने लिहिते. रुखरुख एकच होती. विजूने लहानपणी माझ्याकडे जे खाल्ले ते मी तिला कधी पाठवू शकले नाही. जे पाठवले ते नेहमी कडेवरचे. ती परत येईल तेव्हा खरे करून घालीन, असे मनाशी ठरवले होते.

२०११ च्या मे महिन्यात विजू मुलीला घेऊन आली. मुलगी दहा वर्षांची, उंच, पायात बूट. ह्यांनी विचारले, "काय गो, किती तास लागले येवक?" तर ती आईकडे बघून म्हणाली, "दोन जेवणं, दोन नाश्ते." विजूने तिला शिकवून ठेवले होते. हे पोट धरून हसले.

मी सकाळीच घरच्या माडाचा नारळ खवला. बांगडे ताजे होते. कढई ठेवली आणि दहा वर्षांत पहिल्यांदा विजूसाठी पिवळसर भाजले. वास सगळ्या वाडीत गेला असेल. आमटी वाढली. विजूने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग नुसता हात पुढे केला, आणखी वाढ म्हणून. माझी रुखरुख तिथे मिटली.

मुलीने दोन घास खाल्ले आणि हात थांबवला. आईच्या कानात काही बोलली. विजू तिला गप्प करू लागली.

"काय म्हणता ती?" मी विचारले.

"काय नाय गो काकी. लहान आसा."

"सांग."

विजू अवघडली. "म्हणता, ही मिठबावची आमटी नाय. मिठबावची काळी असते आणि शेवटाक जरा कडू लागता."

मुलगी लाजून ताटाकडे बघत होती, अगदी मी बघते तशी. तिचे काही चुकले नव्हते. ती जन्मायच्या आधीपासून हेच खात आली होती. तिचे मिठबाव मीच भाजून पाठवले होते.

मी उठले. उरलेला नारळ कढईत घातला आणि कढई पुन्हा चुलीवर ठेवली. हे म्हणाले, "आता कितीचा भाजतंस? अठ्ठावन्नचा?"

मी उलथणे फिरवत राहिले, तो खरपूस, तिखट वास येईपर्यंत. चुलीपासून तिच्या ताटापर्यंत पाच पावले होती. मी सत्तर तासांचे भाजले.